इंटर्नशिप ‘पूर्ण झाली’ असे नेमके केव्हा म्हणायचे?

कोरी_वही (धागाकर्ती)

नमस्कार. मी पत्रकारिता आणि संज्ञापन या विषयाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून एका दैनिकाच्या संपादकीय विभागात माझी इंटर्नशिप चालू आहे. महाविद्यालयाने १६० तासांची अट घातली असून त्यांपैकी १४८ तास भरले आहेत. आणखी दोन दिवस गेले की कागदोपत्री ती पूर्ण होईल. त्यानंतर दैनंदिनी, कार्यालयातील मार्गदर्शकांनी भरलेला मूल्यमापनाचा तक्ता आणि माझा अहवाल हे तीन कागद जमा केले की श्रेयांक मिळतील.

अडचण अहवालाची आहे. आठ आठवड्यांत माझ्या नावासह छापून आलेली बातमी एकच आहे, आणि तिच्यातही आडनावातला काना गळालेला आहे. बाकीचा वेळ प्रसिद्धिपत्रकांवरून छोट्या बातम्या करणे, इतरांनी घेतलेल्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण ऐकून उतरवणे, कार्यक्रमांच्या तारखा आणि वेळा फोन करून पडताळणे आणि छायाचित्रांखालच्या ओळी लिहिणे यांत गेला. माझी मैत्रीण याच काळात एका संस्थेच्या जनसंपर्क विभागात होती. तिचे नाव कुठेच आलेले नाही, परंतु तिच्याजवळ वार्तापत्रे, निवेदने आणि समाजमाध्यमांवरील मजकूर यांची जाडजूड फाइल तयार झाली आहे.

माझे प्रश्न असे: नावाच्या बातम्या नसताना अहवालात लिहायचे काय? बिननावी कामाचा नमुना म्हणून उपयोग करता येतो का? आणि खरा प्रश्न, जो मार्गदर्शकांना विचारायला संकोच वाटतो, तो हा की मी इंटर्नशिप केली की केवळ तास भरले?

अर्धविराम

तास भरले आणि वही कोरी राहिली, हे आपण सदस्यनाम घेतानाच जाहीर केलेले दिसते.

रात्रपाळी

अर्धविराम यांचा विनोद बाजूला ठेवून उत्तर देतो. मी बरीच वर्षे डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून, कापून पानात बसवणाऱ्या विभागात, काढली आहेत आणि उमेदवारी करायला आलेली अनेक मुले पाहिली आहेत. ज्या कामांची यादी आपण थोड्या खंतावलेल्या सुरात दिली आहे, तेच डेस्कचे काम आहे. नाव छापून येणे हा बातमीदारीतला सर्वांत दिसणारा भाग असला, तरी वर्तमानपत्रात रोज जेवढा मजकूर जातो त्यातला मोठा वाटा बिननावीच असतो.

प्रसिद्धिपत्रकाचेच घ्या. ते पाठवणाऱ्याच्या सोयीने लिहिलेले असते. पहिल्या परिच्छेदात मान्यवरांची नावे, दुसऱ्यात संस्थेची परंपरा, तिसऱ्यात आभार, आणि वाचकाला ज्याचा उपयोग आहे ती गोष्ट, म्हणजे अर्जाची मुदत किंवा बदललेला नियम, चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी. ती शोधून वर आणणे, मान्यवरांना खाली ढकलणे आणि पत्रकात ज्याचा उल्लेखच नाही ते फोन करून विचारणे याला बातमी करणे म्हणतात. उलट्या पिरॅमिडची, म्हणजे सर्वांत महत्त्वाचे सर्वांत वर अशी, रचना आपल्याला वर्गात आकृती काढून शिकवली असेल. डेस्कवर तिचा अर्थ अगदी व्यावहारिक असतो: जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापतो, आणि खालून कापल्यावरही वरचे उरलेले वाचकाला पुरे पडले पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी की आपण दिलेली मूळ कॉपी (म्हणजे आपण लिहिलेला मजकूर) आणि छापून आलेली बातमी शेजारी शेजारी ठेवा. कुठला परिच्छेद वर गेला, काय कापले गेले, कोणते विशेषण उडाले याची नोंद करा. दहा-बारा बातम्यांची अशी नोंद झाली की अहवालात काय लिहावे हा प्रश्न उरणार नाही.

छिद्रान्वेषी

यासाठी मूळ कॉपी जपून ठेवलेली असायला हवी. बहुतेक कार्यालयांत एकाच फाइलमध्ये दुरुस्त्या होतात आणि जुने लेखन त्यावर पुसले जाते. धागाकर्तीने प्रती ठेवल्या आहेत का?

कोरी_वही

मी आधी माझ्या वहीत किंवा ईमेलच्या मसुद्यात लिहून मग कार्यालयाच्या प्रणालीत टाकत असे, त्यामुळे बऱ्याचशा प्रती माझ्याकडे आहेत. हे शहाणपणाने केलेले नाही. प्रणालीत थेट टंकायची मला भीती वाटत होती.

खडू_आणि_लाल_शाई

मी अशा अहवालांचे मूल्यमापन करते, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसते ते सांगते. दहा अहवालांपैकी सात-आठ अहवाल संस्थेच्या इतिहासाने सुरू होतात. स्थापना, ध्येयधोरणे, आवृत्त्या आणि मानाचे पुरस्कार हा सगळा मजकूर त्या संस्थेच्याच संकेतस्थळावरून आलेला असतो. विद्यार्थी स्वतः नवव्या पानावर कुठेतरी भेटतो आणि ‘मला पुष्कळ शिकायला मिळाले’ असे सांगून दहाव्या पानावर निरोप घेतो. काय शिकायला मिळाले, हे मात्र त्याच्यापुरतेच राहते.

दैनंदिनीची गोष्टही वेगळी नाही. आठ आठवड्यांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच बसणीत लिहिलेल्या असल्या की ते ओळखायला हस्ताक्षरतज्ज्ञ लागत नाही. मंगळवारी ‘संपादकीय बैठकीस उपस्थित राहिले’ आणि बुधवारीही तेच. त्या बैठकीत कोणती बातमी पहिल्या पानावर घ्यायची यावर काय बोलणे झाले, कोणाचे म्हणणे मानले गेले आणि का, याविषयी एखादे वाक्य असते तर मी ती दैनंदिनी दोनदा वाचली असती.

मला एका कामाची संपूर्ण गोष्ट वाचायला आवडते. काम कोणी दिले, सांगताना काय सांगितले आणि काय गृहीत धरले, पहिला प्रयत्न कुठे फसला, दुरुस्ती कोणी केली, शेवटी काय छापले गेले. नावासह वीस बातम्यांची कात्रणे चिकटवलेल्या अहवालापेक्षा अशा एका कामाच्या चार पानांना मी अधिक गुण दिलेले आहेत. रात्रपाळी यांनी सुचवलेली तुलना यासाठी उत्तम आहे. फक्त ती तक्त्यात कोंबू नका, वाक्यांत लिहा.

पडद्यामागची

धागाकर्तीच्या मैत्रिणीच्या बाजूने मी लिहिते, कारण माझे आयुष्य जनसंपर्कात गेले आहे आणि माझे नाव कुठल्याही मजकुराखाली नाही. आमच्या व्यवसायात ते नसणेच अपेक्षित असते. १९०६ मध्ये पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या अपघातानंतर आयव्ही ली यांनी माहिती दडवण्याऐवजी पत्रकारांना लेखी निवेदन दिले आणि आधुनिक प्रसिद्धिपत्रकाची सुरुवात म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. तेव्हापासून हे काम असेच चालत आले आहे: शब्द एकाचे आणि स्वाक्षरी संस्थेची.

तरीही मैत्रिणीला एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. फाइल जाड आहे म्हणून ती सगळी दाखवता येईल असे नाही. जे प्रसिद्ध झाले आहे ते दाखवायला सहसा हरकत नसते, पण सोबत स्वतःचा वाटा प्रामाणिकपणे लिहावा: पहिला मसुदा माझा, अंतिम रूप विभागाचे. जे प्रसिद्ध झालेले नाही, ज्यावर प्रकाशनबंदीची, म्हणजे ‘त्याआधी छापू नये’ अशी, तारीख आहे, जो अंतर्गत पत्रव्यवहार आहे किंवा ज्यात ग्राहकांची माहिती आहे, ते लेखी परवानगीशिवाय घराबाहेरही काढू नये. पहिल्याच दिवशी गोपनीयतेच्या कागदावर सही केली असेल तर तो कागद आता काढून वाचावा. सही करताना तो कोणी वाचत नाही. अशा कामाचे वर्णन करता येते. ‘बाजारातून परत मागवलेल्या एका उत्पादनाविषयी ग्राहकांच्या प्रश्नांना द्यावयाच्या उत्तरांचा मसुदा तयार केला’ एवढे वाक्य पुरेसे असते आणि मुलाखत घेणाऱ्याला त्यातून जे समजायचे ते समजते. उलट, पहिल्या कार्यालयाची गुपिते दुसऱ्या कार्यालयाच्या मुलाखतीत टेबलावर मांडणाऱ्या उमेदवाराविषयीही त्याला जे समजायचे ते समजते.

तिरका_मथळा

सर्वांच्या अनुभवाविषयी आदर ठेवून मला असहमती नोंदवायची आहे. वर जे चालले आहे ते कंटाळवाण्या कामाचे उदात्तीकरण आहे. चाळीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण उतरवायला नवख्या माणसाला तीन तास लागतात. पहिल्या दोन मुलाखतींत त्यातून काही शिकायला मिळते हे मला मान्य आहे. पंधराव्या मुलाखतीत मिळते ते फक्त मानदुखी. ते काम पगारी माणसाने करायचे असते आणि तो नेमलेला नसतो, म्हणून विद्यार्थी बसवला जातो.

ही केवळ माझी चिडचिड नाही. अमेरिकेत बिनपगारी इंटर्ननी मजुरी मागण्यासाठी खटले भरले आणि २०१५ मध्ये तेथील दुसऱ्या सर्किटच्या (म्हणजे एका विभागाच्या) संघराज्यीय अपील न्यायालयाने कसोटी ठरवली ती अशी की या संबंधाचा मुख्य लाभ कोणाला होतो हे पाहावे. तेथील श्रम विभागानेही २०१८ मध्ये तीच कसोटी स्वीकारली. तीत सात मुद्दे आहेत. काम अभ्यासक्रमाशी जोडलेले आहे का, ते मर्यादित काळापुरते आणि शिकण्याइतकेच आहे का, आणि इंटर्नचे काम पगारी कर्मचाऱ्याच्या कामाला पूरक आहे की त्याची जागा घेणारे आहे, हे त्यांतले महत्त्वाचे. कायदा प्रत्येक देशात निराळा असेल, परंतु प्रश्न सगळीकडे लागू पडतो. धागाकर्तीने अहवालात हा प्रश्नही विचारावा: माझ्या १६० तासांचा मुख्य लाभ कोणाला झाला?

रात्रपाळी

तिरका मथळा यांचा मुद्दा मी निम्मा मान्य करतो. पंधरावी मुलाखत उतरवून घेणे हे शिकवणे नव्हे, आणि मी स्वतः हे पाप केलेले आहे. परंतु उतरवून काढण्यात काहीच नाही, हे मला मान्य नाही. ध्वनिमुद्रण ऐकताना बातमीदाराने कुठे तोडले, कुठे उत्तर अर्धवट असतानाच पुढचा प्रश्न विचारला, कुठे गप्प बसल्यामुळे समोरचा माणूस आपण होऊन बोलला, हे जसे कळते तसे छापील मुलाखत वाचून कधीच कळत नाही. मुलाखत घेण्याचे शिक्षण दुसऱ्याने घेतलेली मुलाखत ऐकून होते. अर्थात ते ऐकायला सांगणारे कोणीतरी हवे, आणि तिथे आम्ही कमी पडतो, हे खरे.

यंत्रमानव_नाही

आता ध्वनिमुद्रणावरून मजकूर करणारी साधने आली आहेत, त्यामुळे हा वाद लवकरच संग्रहालयात जाईल.

मुद्रितशोधक_निवृत्त

जाणार नाही. ती साधने विशेषनामांचे आणि आकड्यांचे काय करतात ते मी पाहिले आहे, आणि बातमीत चूक झाली की गळ्याशी येणाऱ्या गोष्टी नेमक्या त्याच दोन असतात. यंत्राने दिलेला मजकूर मूळ ध्वनीशी ताडून पाहण्याचे काम कोणाला तरी करावेच लागते. तो कोणी इंटर्नच असणार, आणि आता त्याला ‘हे तर आयते आहे’ असे सांगून अर्ध्या वेळात मागितले जाणार.

अवांतर होत आहे, तरी राहवत नाही म्हणून लिहितो. पूर्वी हीच तक्रार लघुलेखनाबाबत, म्हणजे बोलणे खुणांनी भराभर टिपून घेण्याच्या लिपीबाबत, होती. पिटमन यांची पद्धत १८३७ ची. जेम्स हिल यांची टीलाइन १९६८ ची, जी पत्रकारांना शिकायला सोपी पडली. ब्रिटनमधील पत्रकार-प्रशिक्षण परिषदेच्या परीक्षेत मिनिटाला १०० शब्दांचा वेग हा वर्षानुवर्षे मापदंड होता. ध्वनिमुद्रक आल्यावर लघुलेखन मरेल असे सांगितले गेले. पण लघुलेखन करणारा बातमीदार ऐकतानाच निवड करतो आणि सभागृहातून बाहेर पडताना त्याची बातमी निम्मी तयार असते. यंत्र सगळे टिपते आणि निवड नंतर करावी लागते. धागाकर्तीने आपल्या अहवालात यावर दोन ओळी लिहिल्या तर मला व्यक्तिशः बरे वाटेल.

निळी_पेन्सिल

मूळ यादीतल्या ‘तारखा आणि वेळा फोन करून पडताळणे’ या कामाकडे कोणीच वळून पाहिले नाही, म्हणून लिहिते. २०१३ च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर एशियाना कंपनीच्या विमानाला अपघात झाला. काही दिवसांनी तेथील एका दूरचित्रवाणी वाहिनीने वैमानिकांची म्हणून चार नावे वाचून दाखवली. ती नावे बनावट होती. मोठ्याने उच्चारली की त्यांतून वंशद्वेषी कोट्या ऐकू येत होत्या. वाहिनीने नावे पडताळली नव्हती का? पडताळली होती. अपघाताची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे फोन केला होता आणि पलीकडून ‘बरोबर’ असे उत्तर मिळाले होते. उत्तर देणारा उन्हाळ्यापुरता आलेला इंटर्न होता आणि त्याला तसे सांगण्याचा अधिकार नव्हता, असे मंडळाने नंतर दिलगिरी व्यक्त करताना स्पष्ट केले. वाहिनीनेही दोन चुका कबूल केल्या: आम्ही ती नावे एकदाही मोठ्याने वाचून पाहिली नाहीत, आणि फोनवरच्या माणसाला त्याचे पद विचारले नाही.

मला हा प्रसंग यासाठी महत्त्वाचा वाटतो की तो धागाकर्तीच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या, अशा दोन्ही टेबलांवर एकाच वेळी घडला. फोन करणाऱ्याने काय विचारायचे आणि फोन उचलणाऱ्याने काय सांगायचे नाही, या दोन गोष्टी आठ आठवड्यांत पक्क्या झाल्या असतील तर तास वाया गेले असे मी म्हणणार नाही.

तिरका_मथळा

निळी पेन्सिल यांनी दिलेल्या उदाहरणाने माझेच म्हणणे सिद्ध होते. अपघाताच्या चौकशीत पत्रकारांचा फोन इंटर्नने उचलावा, ही व्यवस्था कोणाची होती? दोष मात्र ‘उन्हाळ्यापुरता आलेला’ या तीन अक्षरांच्या नव्हे, पण तीन दिवसांच्या पाहुण्यावर गेला.

अर्धविराम

तिरक्या मथळ्याचे हे शेवटचे वाक्य डेस्कवर नक्कीच कापले गेले असते.

तिरका_मथळा

मान्य आहे. खालूनच कापले असते.

खडू_आणि_लाल_शाई

निळी पेन्सिल यांच्या उदाहरणाला दुसरे जोडते, जे मी वर्गात दरवर्षी सांगते. न्यूयॉर्क टाइम्समधील बातमीदार जेसन ब्लेअर याने घटनास्थळी न जाता गेल्याचे भासवले, दुसऱ्यांचा मजकूर उचलला आणि काही तपशील कल्पनेने रचले. २००३ च्या मे महिन्यात त्याला राजीनामा द्यावा लागला आणि त्या वर्तमानपत्राने पहिल्या पानापासून सविस्तर वृत्तांत देऊन स्वतःच्या चुका वाचकांपुढे मांडल्या. त्या कार्यालयात तो पहिल्यांदा आला तो १९९८ मध्ये, इंटर्न म्हणून. उमेदवारीच्या काळात ‘हे वाक्य तुला कोणी सांगितले, वही दाखव’ असे वरिष्ठ विचारतात तेव्हा विद्यार्थ्यांना तो अविश्वास वाटतो. मी त्यांना सांगते की तसे विचारणारा वरिष्ठ मिळाला असेल तर अहवालाच्या ऋणनिर्देशात त्याचे नाव सर्वांत वर घाला.

काठावरचा

एक मूलभूत शंका आहे. बाहेरच्या कार्यालयात पाठवण्यापेक्षा महाविद्यालयानेच वर्तमानपत्र का काढू नये? अमेरिकेतील मिझुरी विद्यापीठाने १९०८ मध्ये पत्रकारितेचे विद्यालय सुरू केले तेव्हा पहिल्याच दिवसापासून शहरासाठीचे वर्तमानपत्रही सुरू केले. विद्यार्थी खऱ्या वाचकांसाठी खऱ्या बातम्या देतात आणि संपादन अध्यापक करतात. वैद्यकीय विद्यार्थी रुग्णालयात शिकतात, तसे. तिथे पंधरावी मुलाखत उतरवून घ्यायला कोणी बसवणार नाही.

रात्रपाळी

कल्पना चांगली आहे आणि जिथे पैसा व अध्यापक आहेत तिथे चालते. पण अध्यापक संपादक असला की त्याला विद्यार्थ्याची काळजी असते. माझ्यासारखा असला की त्याला रात्री साडेबाराची आवृत्ती सोडायची असते. त्या घाईत आपल्या बातमीचे काय होते, हे एकदा तरी पाहावे.

सही_शिक्का

सर्व सदस्य तात्त्विक चर्चेत रमले असल्यामुळे मी कागदपत्रांविषयी लिहितो, कारण माझी इंटर्नशिप तिथेच अडकली होती. माझे तास पूर्ण झाले, निरोप झाला, आणि तीन आठवड्यांनी मूल्यमापनाचा तक्ता घेऊन गेलो तेव्हा माझे मार्गदर्शक नोकरी सोडून गेलेले होते. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांनी मला कधी पाहिलेले नव्हते आणि न पाहिलेल्या मुलाच्या ‘पुढाकार घेण्याच्या वृत्ती’ला पाचपैकी किती गुण द्यावेत हे त्यांना समजेना. शेवटी मनुष्यबळ विभागाने प्रमाणपत्र दिले, त्यात तारखा चुकल्या होत्या आणि मी विपणन विभागात काम केल्याचे म्हटले होते. ते दुरुस्त होईपर्यंत निकाल राखून ठेवला गेला.

म्हणून धागाकर्तीने शेवटच्या दोन दिवसांतच, कार्यालयात असतानाच, तक्ता भरून घ्यावा. ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केले त्यांनीच तो भरावा. प्रमाणपत्रातील नाव, काना-मात्रेसह, तारखा आणि तासांची संख्या तिथल्या तिथे वाचून पाहावी; आडनावातील काना गळण्याचा इतिहास असताना हे विशेष करून सांगतो. शिफारसपत्र हवे असेल तर तेही आताच मागावे, आणि मोघम मागू नये. ‘मी अमुक बातमीसाठी तीन फोन करून पत्रकातली चुकीची तारीख पकडली होती, त्याचा उल्लेख केलात तर बरे होईल’ असे सांगितले की लिहिणाऱ्यालाही सोपे जाते. नाहीतर ‘मेहनती व नम्र’ एवढेच हाती येते, आणि ते सगळ्यांनाच मिळालेले असते.

पडद्यामागची

सही शिक्का यांच्याशी पूर्ण सहमत. शेवटच्या दिवशी मार्गदर्शकांकडे पंधरा मिनिटे मागावीत, एवढेच जोडते. ‘मी कशी होते’ असे विचारू नये, त्याचे उत्तर ‘छान’ असेच येते. ‘माझ्या कॉपीत तुम्हाला कोणती दुरुस्ती वारंवार करावी लागली’ असे विचारावे.

कोरी_वही

सर्वांचे आभार. दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण रात्रपाळी यांनी सांगितलेले काम करत होते. आता १५४ तास झाले आहेत.

माझ्याकडे अकरा बातम्यांच्या मूळ प्रती निघाल्या. शेजारी छापील कात्रणे ठेवली. पहिल्या सातपैकी सहा बातम्यांत डेस्कने एकच गोष्ट केली होती: माझा तिसरा किंवा चौथा परिच्छेद उचलून सर्वांत वर नेला होता. मी प्रत्येक वेळी कोण आले होते आणि कोण काय म्हणाले यापासून सुरुवात केली होती. कशाचा निर्णय झाला हे खाली होते. म्हणजे मी पत्रकाचा क्रम तसाच ठेवून फक्त वाक्ये बदलत होते. हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही छापून आलेली बातमी नीट वाचली नव्हती. आली की नाही एवढेच बघत होते. शेवटच्या चार बातम्यांत मात्र सुरुवात हललेली नाही. मधल्या काळात काय झाले ते दैनंदिनीत शोधले. त्या आठवड्यात मी दोन मुलाखती उतरवल्या होत्या आणि एका नोंदीत लिहिले होते की बातमीदार प्रत्येकाला आधी ‘मग ठरले काय?’ असे विचारतात. तिरका मथळा यांना हे आवडणार नाही, पण तसे आहे. त्यांच्या समाधानासाठी हेही लिहिते की त्यानंतर उतरवलेल्या नऊ मुलाखतींबद्दल माझ्या दैनंदिनीत फक्त मिनिटे आणि तास आहेत.

पडद्यामागची यांचा प्रश्न काल उपसंपादकांना विचारला. ते म्हणाले, ‘सुरुवात आता बरी असते. आकडे मात्र तू अजूनही पत्रकातून जसेच्या तसे घेतेस, बेरीज करून बघत नाहीस.’ मी घरी येऊन बेरजा केल्या. एका बातमीत ती खरोखरच जुळत नाही, आणि ती बातमी तशीच छापली गेली आहे.

निळी_पेन्सिल

तर मग उद्या पहिले काम तेच. कार्यालयाला सांगा, दुरुस्ती छापायची की नाही ते ते ठरवतील.

मुद्रितशोधक_निवृत्त

आणि सांगताना मूळ पत्रक सोबत न्यावे. चूक पत्रकातली की आपल्या उताऱ्यातली, हा पहिला प्रश्न असेल.

खडू_आणि_लाल_शाई

मूळ कॉपी आणि दुरुस्त्या अहवालाला जोडण्याची परवानगी कार्यालयाकडून घेतली आहे का? नसेल तर तीही उद्याच घ्या, लेखी.

कोरी_वही

परवानगी आज ईमेलवर मागितली आणि लगेच मिळाली. दहा बातम्या जोडता येतील. अकराव्या बातमीच्या माझ्या मूळ प्रतीत तक्रारदाराचे नाव आहे, जे डेस्कने छापताना काढले होते. ती जोडायची नाही, असे कळवले आहे. बेरीज न जुळणारे पत्रक पिशवीत घातले आहे. उद्या शेवटचे सहा तास.